ती केवढी होती

बॉबिनला प्रश्न पडायचे ते नेमके नको त्या वेळी. गिऱ्हाईक पोट आत ओढून, श्वास कोंडून उभं असायचं, बाबांनी कमरेला टेप लावलेली असायची आणि ही कोपऱ्यातल्या स्टुलावरून विचारायची, "काका, तुम्ही श्वास सोडलात की पँटचं काय होणार?" गिऱ्हाइकाला हसू फुटायचं, श्वास सुटायचा आणि बाबांना खरं माप मिळायचं. त्यामुळे तिला कुणी गप्प बसवत नसे. आत्या तेवढी म्हणायची, "या पोरीची जीभ कात्रीला भारी आहे." आत्याची तरी कुठे बोथट होती! त्या घरात बोथट जिभेचं माणूस टिकलंच नसतं.

दुकान खाली आणि घर वर. पुढे काचेचं दार, मध्ये कापायचं लांबलचक टेबल, मागे दोन शिलाई मशीन आणि त्यांच्यामागून वर जाणारा जिना. बाबा कापायचे, आई शिवायची. सगळी गल्ली बाबांना मास्तर म्हणायची, आणि आईसुद्धा चिडली की मास्तरच म्हणायची. खिडकीत कपडे चढवून बघायची एक डमी उभी असे, धड आहे पण डोकं नाही अशी. तिला सगळे मावशी म्हणत. डोकं नसल्यामुळे मावशीचं या घरात काही अडत नाही, उलट बरंच आहे, असं आत्याचं मत होतं.

बॉबिनचं खरं नाव शाळेत होतं. घरात मात्र ती आल्यापासून बॉबिन, कारण आल्या आल्या ती मशीनखाली घरंगळलेली दोऱ्याची बॉबिन शोधायला शिरली आणि तिथेच मुठीत बॉबिन धरून झोपली. आल्यापासून म्हणायचं, जन्मल्यापासून नाही. ती या घरात आली तेव्हा अडीच वर्षांची होती, आणि ही गोष्ट तिच्यापासून कधी कुणी लपवली नव्हती.

गोष्ट छोटीच होती. कडाक्याच्या थंडीत एका दवाखान्याच्या बाकावर एक मूल झोपलेलं सापडलं, बाईमाणसाच्या लांब कोटात गुंडाळलेलं. कोट जाड लोकरीचा, बाटलीसारखा हिरवा. कोटवाली परत आली नाही. खूप शोध झाला, पत्ता लागला नाही. मूल काही महिने संस्थेत राहिलं आणि मग कोटासकट मास्तरांच्या घरी आलं. बस, एवढीच.

पण गोष्ट तीच राहिली तरी ऐकणारी मोठी होत होती ना! पाच वर्षांची असताना बॉबिनने विचारलं होतं, "मी इथे आहे हे तिला माहीत आहे का?" सात वर्षांची असताना, "मी फार रडायचे म्हणून ठेवलं का?" तेव्हा आई घाबरून संस्थेतल्या मॅडमकडे धावली होती. मॅडम म्हणाल्या, असंच होणार. दुःख एकदा रडून संपत नाही, ते मुलाबरोबर वाढतं. ती मोठी होईल तसा तोच प्रश्न मोठा होऊन परत येईल. उत्तर नसेल तर नाही म्हणा, पण तिला एकटीला शोधायला लावू नका. आईने याची पदराला गाठ मारून ठेवली होती. गंमत अशी की नऊ वर्षांची झाल्यावर बॉबिनने त्या विषयावर विचारणंच बंद केलं. जगातल्या बाकी सगळ्या गोष्टींवर प्रश्न चालू, या एकीवर नाही. त्याच वर्षी तिने कोट घालणंही सोडलं. का, तर म्हणे टोचतो.

टोचत होतं ते वेगळंच. बॉबिनला एक आठवण होती. ती खरी होती की नंतर मनाने रचलेली, कोण जाणे. आपण उंचावर आहोत, जमीन खूप खाली आहे, आणि गालाला खरखरीत लोकर घासते आहे. एवढ्याशा आठवणीवरून तिने अख्खी बाई उभी केली होती. दारातून येताना वाकावं लागेल अशी उंच, सुपाएवढ्या पंज्यांची, धिप्पाड. आणि एकदा ती बाई मनात उभी राहिल्यावर तिला विचारायचा प्रश्नही ठरला होता. एवढ्या मोठ्या बाईला एक वीतभर पोर जड झालं? मनात आणलं असतं तर एका हाताने सांभाळलं असतं. म्हणजे मनातच आणलं नाही. तीन वर्षं बॉबिन हा राग मनात धरून होती, कुणाला चाहूलही लागू न देता.

त्या दिवशी दुपारी एक नर्सबाई दुकानात आल्या. त्यांची आई वारली होती आणि आईचा कोट त्यांना आपल्या मापाचा करून हवा होता. बाबांनी कोट टेबलावर पसरला आणि नेहमीप्रमाणे आधी नुसता हात फिरवला. मग म्हणाले, "तुमच्या आई टेबलाशी बसून काम करायच्या का? उजवं कोपर टेकून?"

"टेलिफोन ऑपरेटर होती," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"एकाच कोपराची लोकर झिजलीय. आणि पिशवी डाव्या खांद्याला लावायच्या. उंचीला तुमच्याएवढ्या, पण थोड्या पुढे वाकलेल्या. मागून कोट वर उचलला जायचा म्हणून खालची कड त्यांनी मागच्या बाजूला सोडून घेतलीय, बघा."

नर्सबाई मटकन स्टुलावर बसल्या. आधी रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या की कोट लहान करू नका, असाच राहू दे. बाबांचं काम गेलं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या बॉबिनच्या अंगावर मात्र काटा आला होता. बाबा माणसं मापतात हे तिला माहीत होतं. दोघांचा खेळच होता तो. काचेपलीकडून कुणी चाललं की दोघांनी छाती, कंबर, उंची ओळखायची, आणि ते माणूस गिऱ्हाईक म्हणून आत आलं तर टेपने निकाल लावायचा. पण समोर नसलेलं माणूसही बाबा मापू शकतात, नुसत्या कपड्यावरून, हे तिच्या आज ध्यानात आलं.

नर्सबाई दार ओढून गेल्या न गेल्या तोच बॉबिन दोन-दोन पायऱ्या चढून वर गेली. कपाटात हँगरला अडकलेला हिरवा कोट तिने काढला, खाली आणला आणि टेबलावर टाकला.

"बाबा, हा वाचा."

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला. कोटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि चष्मा काढून ठेवला. "हा वाचता यायचा नाही, बाळा."

"का?"

"यात सगळं माझंच अक्षर आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बाह्या मी कापल्या. खालून लांबी मी कापली. खांदे मी आत घेतले. तू तो अंगावेगळा करू द्यायची नाहीस आणि त्यात पाय अडकून सारखी पडायचीस. एकदा जिन्यावरून गडगडत थेट मशीनपर्यंत आलीस. माझ्या काळजाचं पाणी झालं. त्याच दुपारी तू झोपलीस आणि मी कात्री घेतली. मग तू वाढशील तसा दरवर्षी मोठा करत गेलो. कुठे तेच कापड जोडलं, कुठे दुसरं."

कोट लहान केला होता हे बॉबिनला माहीत होतं. पण लहान केला म्हणजे नेमकं काय केलं, याचा विचार तिने आजवर केला नव्हता.

"पण कापायच्या आधी माप घेतलंत ना?" तिने विचारलं. माप घेतल्याशिवाय बाबा रुमालालाही कात्री लावत नसत, आणि एकदा घेतलेलं माप दहा वर्षांनी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. "कोटाचं मूळ माप? ते सांगा. ती केवढी होती तेवढंच सांगा."

बाबांनी टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला. "माप घेतलं," ते म्हणाले. "तुझं."

"आणि कोटाचं?"

"नाही घेतलं. सुचलंच नाही गं. मी कोटाकडे बघतच नव्हतो, तुझ्याकडे बघत होतो."

ज्या माणसाचं आयुष्य मापं घेण्यात गेलं त्याच्याकडून एकच माप घ्यायचं राहून जावं, आणि तेही नेमकं हे! बॉबिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हा तिचा कोटच नाही," ती म्हणाली. "तुमचा आहे. तुम्ही तिला कापून टाकलंत." आणि ती वर निघून गेली. दार तिने असं आपटलं की खाली मावशी हलली.

पुढचे काही दिवस दुकानाची कळाच गेली. बॉबिन शाळेतून यायची ती सरळ जिन्याने वर. माप ओळखायचा खेळ बंद. बाबा टेबलाशी उभे असायचे, पण हात कुठे आणि चित्त कुठे. एका वकिलांच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. आई म्हणाली, "मास्तर, वकील दोन्ही हात एकाच बाजूला घालून कोर्टात जाणार आहेत का?" एरवी बाबा यावर खो-खो हसले असते. आता त्यांनी मुकाट्याने नवीन कापड काढलं.

आत्या बाबांची मोठी बहीण, जन्मभर त्यांच्यापेक्षा शहाणी. ती बॉबिनच्या खोलीत येऊन बसली. "जुनी मढी कशाला उकरून काढायची म्हणते मी. आईबाप तुझ्यावर जीव टाकतात. आणखी काय हवं?"

"ती केवढी होती, एवढंच."

"केवढी का असेना! आपल्याला काय तिला शिवून घालायचंय?" मग बॉबिनचा चेहरा बघून आत्या जरा नरमली. "मोठा होता बाई कोट. चांगला थोरला. तू आत दिसत नव्हतीस. मी तर म्हटलं, नुसता कोटच आणलाय काय यांनी."

म्हणजे बाई मोठीच होती. आत्या कितीही फटकळ असली तरी खोटं बोलणारी नव्हती. बॉबिनने भिंतीकडे तोंड केलं. आपलं म्हणणं खरं निघालं की माणसाला बरं वाटतं म्हणतात. तिला मुळीच बरं वाटलं नाही.

संध्याकाळी आई आली. हातात तो कोट होता. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि कोट मांडीवर उलटा करून अस्तर वर काढलं.

"मास्तरांनी कापलं हे खरं," ती म्हणाली. "पण शिवलं कुणी?"

बॉबिनने भिंतीकडचं तोंड किंचित वळवलं.

"मी. आणि मला चिंधी टाकवत नाही हे तुला माहीत आहे. बाह्यांचे कापलेले तुकडे मी ठेवले आणि तू शाळेत जायला लागलीस तेव्हा परत जोडले. खालचा पट्टा नंतर जोडला. आणि रुंदीला तर मी कात्री लावूच दिली नाही, सगळी माया आत दुमडून ठेवली. शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना आपण, तशी, पण ओंजळभर. पहिल्या वर्षी तू त्यात कापूस भरल्यासारखी दिसायचीस. मास्तर म्हणाले, ही काय शिलाई झाली? मी म्हटलं, असू दे, पोर वाढणार आहे." आईने एका जोडाजवळ बोट ठेवलं. "हे बघ. सुई एकदा जिथून गेली तिथे भोक राहतं. इस्त्री केली की बुजल्यासारखं वाटतं, पण जात नाही. तिच्या कोटाची पहिली शिलाई जिथून गेली होती, ती भोकं आत असणार. माझ्या शिलाया उसवल्या तर कदाचित दिसतील."

बॉबिन उठून बसली. राग होताच, पण कुतूहल रागापेक्षा चपळ असतं. "आणि नाही दिसली तर?"

"तर नाही दिसली. तिघांनाही माहीत नाही, एवढं तरी पक्कं होईल."

बॉबिन आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला वाईट नाही वाटणार? मी तिचं माप शोधतेय म्हणून?"

"वाटेल," आई म्हणाली. "थोडं वाटेल. म्हणून काय उसवायचं नाही?"

सुट्टीच्या दिवशी सकाळी बॉबिन खाली आली तेव्हा टेबल रिकामं करून बाबांनी त्यावर पांढरी चादर अंथरली होती. उसवायची ब्लेडं, चिमटा, भिंग, सगळं ओळीने मांडलं होतं. ते स्वतः दूर, मावशीजवळ उभे होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

"कात्री लांब ठेवा," बॉबिन म्हणाली. त्या दिवसानंतर ती त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. बाबांनी मोठी कात्री, छोटी कात्री आणि काजाची कात्रीसुद्धा खणात टाकली, खण बंद केला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

मग तिघं बसले. आधी अस्तर निघालं. मग आईने खांद्याची शिलाई उसवायला घेतली, बाबांनी बाजूची, आणि बॉबिन भिंग घेऊन दोघांच्या मध्ये. शिलाई सुटली की आत दुमडलेलं कापड उलगडायचं. ते बघून बॉबिनच्या तोंडून "अय्या!" निघालं. बाहेरचा कोट उन्हाने, धुण्याने विटून शेवाळी झाला होता, आणि आतून निघालेल्या पट्ट्या अगदी गर्द हिरव्या, नव्यासारख्या. इतकी वर्षं त्यांना ऊनच लागलं नव्हतं.

"हा तिचा रंग," बॉबिन म्हणाली.

"हो, हा तिचा," बाबा म्हणाले.

भोकं सापडली. सापडली म्हणजे काय, कापड उजेडाकडे धरलं की मुंग्यांच्या रांगेसारखी सरळ दिसायला लागली. आईची भोकं जवळजवळ आणि मुळातली जरा लांब लांब. कारखान्यातली शिलाई, बाबा म्हणाले, तयार घेतलेला कोट. बॉबिन भोकांवर बोट ठेवायची, बाबा तिथे खडूने खूण करायचे, आई कच्चा धावदोरा घालायची. दुपार झाली तरी कुणाला भूक लागली नाही. आत्या "मला काही बघायचं नाही" असं म्हणत तीनदा खाली येऊन बघून गेली.

खिशापाशी आई थबकली आणि हसली. "हे बघा, हे कुणी शिवलंय! खिसा आतून फाटला होता, तो हाताने शिवलाय. दुहेरी दोरा, वेडेवाकडे टाके आणि गाठ बघ, वाटाण्याएवढी. बाईला शिवता येत नव्हतं."

"मलाही येत नाही," बॉबिन म्हणाली. टेलरच्या घरात वाढूनही तिला साधं बटण लावता येत नसे, आणि आत्या येता-जाता तिला ते ऐकवायची. आज पहिल्यांदाच तिला त्याचं बरं वाटलं. तिने त्या गाठीवर अंगठा फिरवला. मग विचार करून म्हणाली, "म्हणजे आधी भोक होतं. मग भोकातून काहीतरी आत पडलं असेल."

तिने खालच्या कडेची दुमड चाचपली. कोपऱ्यात कुरकुरलं. चिमट्याने ओढलं तर निघालं शेंगेचं टरफल, अर्धं.

"शेंगा खायची!"

"ते तुझंही असेल गं," बाबा जपून म्हणाले.

"माझं कसं? मी यायच्या आधीच खिसा शिवलेला होता. मग माझं आत कसं जाईल?"

बाबांनी आईकडे बघितलं. बॉबिनने टरफल काडीपेटीत ठेवलं. एकाच दिवसात तिला कळलं होतं की ती बाई शेंगा खायची, तिला शिवता येत नव्हतं आणि तिने कोट तयार घेतला होता. इतकं तर तिला आत्याबद्दलही कुणी न सांगता कधी कळलं नव्हतं. चोरून, अगदी नको नको म्हणत, तिला ती बाई आवडायला लागली होती, आणि त्याचा तिला थोडा रागही येत होता.

शेवटी कॉलर राहिली. तेवढी बाबांनी तेव्हा स्वतःच शिवली होती. आईने ती उलटी केली. "खालची बाजू काळी कशी? हे तर आपल्या दुकानातलं कापड. मास्तर, खालची कॉलर कुठे गेली?"

बाबांनी डाव्या मनगटाकडे बघितलं. तिथे नेहमीप्रमाणे टाचण्यांची गादी बांधलेली होती. इतकी जुनी आणि काळवंडलेली की तिचा मूळ रंग कोणता हा प्रश्न बॉबिनलाही कधी पडला नव्हता. आता तिने त्यांचा हात ओढला आणि टाचण्यांच्या मधून बघितलं. खाली हिरवं होतं.

"त्या दिवशी कापताना कॉलरचा तुकडा उरला," बाबा म्हणाले. "टाकवेना. तुझ्या आईला सांगितलं असतं तर हसली असती, मास्तरांना पण चिंधी टाकवत नाही म्हणून. मग गादी केली." ते बंद सोडायला लागले. "थांब, हिच्यातलं कापड काढून देतो. पूर्ण होईल तुझा कोट."

बॉबिनने बघितलं. इतक्या वर्षांच्या टाचण्यांनी त्या कापडाची चाळण झाली होती. "राहू द्या," ती म्हणाली. "खालची कॉलर कुणाला दिसते?" आणि तिने बंद परत बांधला, नेहमीसारखी बेढब गाठ मारून.

कोट कच्च्या टाक्यांनी उभा राहिला. कुठे शेवाळी, कुठे गर्द. बाबांनी तो मावशीला चढवला. बॉबिन मागे सरकली. तिचं पोट आत ओढलं गेलं होतं. आता ती बाई उभी राहणार होती, दारातून वाकून येणारी, आणि मग तिच्याबद्दल जे ठरलं होतं ते कायमचं ठरणार होतं.

कोट मावशीला होईना.

खांदे ओढले गेले. पुढची बटणं काजांपर्यंत पोचेनात. बाबांनी जरा ओढून बघितलं तर कच्चे टाके करकरले. मावशी म्हणजे काही धिप्पाड बाई नव्हे, साधं चारचौघींसारखं माप. "माझी खूण चुकली कुठेतरी," बाबा म्हणाले. त्यांनी कोट काढला, भिंग घेतलं, एकेक भोक परत बघितलं. आईने बघितलं. खुणा बरोबर होत्या. आत दुमडलेलं कापड कुठेही उरलं नव्हतं.

"पण तो मोठा होता," आत्या जिन्यावरून म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता."

"मीही," आई हळूच म्हणाली. "अडीच वर्षांच्या पोराच्या अंगावर कुठला कोट मोठा दिसणार नाही, ताई?" तिने कोट हातात घेतला, आणि कोटाकडून तिची नजर बॉबिनकडे गेली. "तू घाल."

बॉबिनने एक हात घातला, दुसरा घातला. आईने पुढून बटणं लावली. बाबा सवयीने मागे आले, खांद्याच्या शिलाईवरून त्यांची बोटं फिरली, आणि सवयीनेच ते बोलून गेले, "खांदा बरोबर."

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं आणि त्यांची बोटं शिलाईवरच थांबली.

बॉबिन आरशासमोर गेली. बाह्या बोटभर लांब होत्या. बाकी कुठे ओढ नव्हती, कुठे झोळ नव्हता. आरशात शाळेतली एक मुलगी उभी होती, गुडघ्याखाली येणारा कोट घातलेली, जिला अजून रस्ता ओलांडताना आत्या हात धरायला लावायची.

"ही तर माझ्याएवढी होती," बॉबिन म्हणाली.

आत्या पायरीवरच बसली. "पोरच की गं," ती म्हणाली. "पोरच होती."

तीन वर्षं बॉबिन जिच्यावर रागावली होती ती बाई कुठे नव्हतीच. तो सगळा राग होता तिथेच उभा राहिला, समोर कुणी नसल्यासारखा. गेल्याच महिन्यात शेजारच्या बेकरीवालीचं दोन वर्षांचं पोर तिने कडेवर घेतलं होतं. कोपऱ्यापर्यंत नेलं तर हात भरून आले होते, आणि तिने ते चटकन त्याच्या आईला परत दिलं होतं. तिला परत द्यायला कुणीतरी होतं. बॉबिनला रडू आलं. रागाचं रडू तिच्या ओळखीचं होतं, हे ते नव्हतं. हे त्या मुलीसाठी होतं. आईने तिला कोटासकट जवळ घेतलं, आणि आईही रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

बऱ्याच वेळाने बॉबिनने नाक पुसलं. प्रश्न आलाच. "त्या दिवशी थंडी होती ना?"

"खूप," आई म्हणाली.

"मग ती काय घालून गेली?"

"माहीत नाही, बाळा."

बाबांनी खिशावरच्या त्या वाटाण्याएवढ्या गाठीकडे बघितलं. "दुसरा कोट नसणार," ते म्हणाले. "दुसरा असता तर हा इतका ओढून-ताणून शिवला नसता." आता ते वाचू शकत होते.

बॉबिनने दोन्ही हात खिशात घातले आणि उभी राहिली. कोट उबदार होता.

"पक्की शिलाई मारून देतो," बाबा म्हणाले. "पुढच्या थंडीत तुला घट्ट होईल. बाजूला पट्टी घालून वाढवता येईल. तू सांगशील तर. नाहीतर हात लावणार नाही."

"वाढवू नका," बॉबिन म्हणाली. "पुढच्या थंडीत मी तिच्यापेक्षा मोठी असेन."

बॉबिनने कोटाखालच्या फ्रॉकच्या खिशातून किल्ली काढून खण उघडला. कात्र्या तशाच राहू दिल्या. त्यांच्याखाली गुंडाळून पडलेली टेप तिने उचलली आणि बाबांच्या गळ्यात घातली. मग ती मावशीसारखी ताठ उभी राहिली, हात किंचित बाजूला धरून, श्वास न कोंडता.

"आता माप घ्या," ती म्हणाली. "माझं नको. तिचं."